ईश्वरप्पाने तपासलेली ‘तेरावी बराक’

आमच्या सोलापुरात सिनेमा कळणारी माणसं एकवीस आहेत. ती सगळी चित्रास्वाद मंडळाची सभासद आहेत आणि त्यांतली निम्मी सिनेमा चालू असताना झोपतात. मी या मंडळाचा चिटणीस. अध्यक्ष प्राध्यापक अभिमन्यूराव. ते झोपत नाहीत, कारण त्यांना दर पाच मिनिटांनी समजल्यासारखी मान हलवायची असते.

या मंडळाचं कुलदैवत म्हणजे ‘तेरावी बराक’. पन्नास वर्षांपूर्वीचा कृष्णधवल सिनेमा. एक निरपराध शाळामास्तर, खुनाचा खोटा आळ, चौदा वर्षांची कैद. कोठडीच्या भिंतीवर मास्तर रोज एक रेघ ओढतो. रात्री दिवा मालवला की गजांतून चांदणं आत येतं आणि त्या चांदण्यात बसून तो आपल्या मुलीला आठवतो. शेवटी मोठा दरवाजा उघडतो, बाहेर मुलगी उभी असते, आणि सगळं थिएटर नाक पुसतं. मीही पुसलेलं आहे, निदान सोळा वेळा.

माझं नाव या गावात ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते या सिनेमामुळेच. तीस वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी लेख लिहिला होता, ‘तेरावी बराक: बलस्थाने आणि उणिवा’. बलस्थानं सात काढली होती. उणीव एकच. उणीव दाखवली नाही तर लोक भाट म्हणतात, म्हणून एक हुडकून काढली. सिनेमाच्या मध्यावर मुलगी आईबरोबर बापाला भेटायला येते, तो प्रसंग. जाळीच्या अलीकडे ती, पलीकडे तो. दोन वाक्यांत बोलणं संपतं. मग बाप विचारतो, परतीची गाडी किती वाजता आहे. ती सांगते. आणि पुढं जवळजवळ एक मिनिट दोघं नुसती उभी असतात. मी लिहिलं होतं, “येथे दिग्दर्शकाची पकड सुटली आहे. भावनेचा कल्लोळ अपेक्षित असताना पडद्यावर एसटीचे वेळापत्रक चालू राहते.” या वाक्याचं फार कौतुक झालं. अभिमन्यूराव ते अजून भाषणात वापरतात, कधी माझं नाव घेऊन, कधी न घेता.

सिनेमा हा माझा संध्याकाळचा धंदा. दिवसा मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात कारकून आहे. हजेरी, फॉर्म, पत्रव्यवहार. माझ्या खिडकीतून घडी खातं दिसतं आणि घडी खात्यात, ट्यूबलाइटच्या बरोबर खाली, ईश्वरप्पा बसतो.

ईश्वरप्पाचं वय बासष्ट. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात बाह्यांचा बनियन, बाहेर खुंटीला शर्ट. अक्कलकोटच्या बाजूचं गाव. घरात कानडी, बाहेर मराठी. त्याचं काम टॉवेल तपासायचं. मागावरून उतरलेला माल त्याच्या टेबलावर येतो आणि तो प्रत्येक टॉवेल आधी उलटा करतो. मी एकदा विचारलं, “ईश्वरप्पा, सरळ बाजू आधी का बघत नाही?” तो म्हणाला, “समोरनं समदेच गोरे दिसत्यात, साहेब.” सुटलेला धागा, तेलाचा डाग, कमी-जास्त काठ, काही असो, एक लाल दोरा अडकवायचा आणि डावीकडं फेकायचं. “सेकंड.” एवढाच शब्द. सेकंड म्हणजे खोट निघालेला माल, जो फुटपाथवर विकला जातो.

मालकानं स्वतः येऊन “अहो, हा जाऊ द्या की” म्हटलं तरी तो टॉवेल डावीकडंच. आणि ही सवय टॉवेलापुरती नव्हती. कँटीनचा चहा सेकंड. निवडणुकीतलं भाषण सेकंड. जॉबरच्या, म्हणजे आमच्या मुकादमाच्या, निवृत्तीला मी कविता म्हटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या थांबल्यावर घडी खात्याकडून शांतपणे आवाज आला, “सेकंड.” तेव्हापासून मला या माणसाचा राग होता आणि त्याचं मत मिळवायची हावही होती. समीक्षक म्हणवून घेणाऱ्या माणसाला खरा समीक्षक भेटला की असंच होतं.

गेल्या वर्षी ‘तेरावी बराक’ला पन्नास वर्षं झाली. मंडळानं खास खेळ ठरवला आणि माझा लेख वाढवून पुस्तिका काढायचं ठरलं. मी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर सिनेमा पुन्हा पाहत बसलो होतो. चांदण्याचा प्रसंग चालू होता, माझं पहिलं बलस्थान. ईश्वरप्पा पाण्याच्या माठाकडं जाताना माझ्या मागं थांबला. अर्धा मिनिट पाहिलं असेल.

“तितं बत्ती इझत न्हाय,” तो म्हणाला.

“कुठं?”

“जेलात. रातभर चालू असती. डोळ्यांवर टॉवेल घिऊन झोपायचं.” आणि पाणी पिऊन टेबलाकडं गेला.

त्याच्या फॉर्मवर सात वर्षांची जागा मोकळी होती. आम्ही सगळे समजत होतो की तेव्हा तो भिवंडीला मागावर होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला गाठलं. गोडीगुलाबीनं नव्हे, मी सरळ विचारलं, आणि त्यानं सरळ सांगितलं. टॉवेल उलटेपालटे करत, माझ्याकडं न बघता.

तेव्हा तो एका चाळीत राहत होता. चार दिवसांनी नळ आला होता. घागरीवरून शेजाऱ्याशी भांडण झालं. हौदाच्या झाकणाला लावायची सळई त्याच्या हाताशी आली. “राग आला म्हणून मारलं,” तो म्हणाला. “दोनदा मारलं. पैल्यांदाच पडलं होतं ते.” शेजारी मेला. दहा वर्षांची शिक्षा झाली. चांगल्या वागणुकीच्या माफीचे दिवस वजा जाऊन सात वर्षं चार महिने बाहेरगावच्या एका मोठ्या तुरुंगात काढले. तिथल्या मागावर चादरी विणल्या. सुटल्यावर चाळ सोडली, गावाच्या दुसऱ्या टोकाला घर केलं, आणि भिवंडीची गोष्ट सुरू झाली.

“हे कुणाकुणाला माहीत आहे?”

“ईरम्मा,” तो म्हणाला. ईरम्मा त्याची बायको. “माझी लेक चंद्रिका. आन मालकाचा बाप, तो मेला.”

चंद्रिका टेंभुर्णीला दिलेली. जावई शिवानंद, शेती औषधांचं दुकान. घरात सासू-सासरे, वागायला सरळ, पण अब्रूच्या बाबतीत कडक. त्यांनाही भिवंडीच सांगितलेली. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी चंद्रिका सहा वर्षांच्या ऋतुजाला घेऊन सकाळच्या एसटीनं यायची आणि संध्याकाळच्या एसटीनं जायची. ईश्वरप्पा त्या सोमवारी कामावर आला की दोन-तीन संशयित टॉवेल उजवीकडं टाकायचा. घडी खात्यातल्या बायकांना हे माहीत होतं. कारण मात्र माहीत नव्हतं.

मी त्याला सिनेमाला बोलावलं. आता थोर कारण सांगता येईल, पण खरं कारण असं की माझी सात बलस्थानं त्याच्या टेबलावरून उजवीकडं गेलेली मला बघायची होती. तो आधी नको म्हणाला. मग चार दिवसांनी आपणच म्हणाला, “बघतो एकदा, तुमी लोक काय समजता ते. पन नाव न्हाय, फोटू न्हाय, स्टेज न्हाय. टेंभुर्णीला कळालं तर माझी नात तुटंल.” मी शब्द दिला. गळ्याला हात लावून दिला.

आणि मग मी ते अभिमन्यूरावांना सांगितलं.

का सांगितलं? चिटणीस आहे, अध्यक्षांना कळवणं भाग होतं, असं मी पुढं पुष्कळ जणांना सांगितलं. ते खोटं आहे. पन्नास वर्षांत कुठल्याही समीक्षकाला जमलं नाही ते मी जमवलं होतं आणि ते पोटात राहीना. अभिमन्यूरावांनी डोळे मिटले, मान हलवली, “अगदी आपल्यातच राहील” म्हणाले. नोंदीसाठी म्हणून पूर्ण नाव विचारलं. मी वडिलांच्या नावासकट सांगितलं.

रविवारी दुपारी खेळ झाला. ईश्वरप्पा धुतलेला शर्ट घालून सायकलवर आला आणि सगळ्यात मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसला. मी त्याच्या शेजारी. पुढं नेहमीची एकवीस आणि पन्नाशीनिमित्त आलेली साठ-सत्तर माणसं. अडीच तासांत तो एकदाही हलला नाही. लोक रडले तेव्हा मी त्याच्याकडं पाहिलं. तो रडणाऱ्या लोकांकडं बघत होता.

सिनेमा संपल्यावर, समारोपाच्या आधी चहा होता. ठरल्याप्रमाणं मी त्याला मागच्या खोलीत नेलं. आम्ही दोघंच. मी वही उघडली.

“भिंतीवरच्या रेघा?” मी विचारलं. माझं दुसरं बलस्थान.

“रेघ वडली तर माफीचे दिस कापत्यात. आन दिस मोजायला रेघ कशाला लागती? कोन मोजत न्हाय तितं? हापिसातल्या बाबूला इचारायचं, माझी किती माफी झाली. आकडा रोज बदलतो.”

“शांतता. ती पहाटेची शांतता...”

“शांतता कुटली साहेब. ऐंशी मानसं खोकत्यात. एक रडतो, एक शिव्या देतो, एक भजन म्हनतो, समदं एकाच टायमाला. सात वर्सांत मला शांतता घावली न्हाय. भाईर आल्यावर पैल्या रातीला झोपच आली न्हाई, एवढं गप्प होतं.”

“जेलर?”

“येवढा दुष्ट जेलर परवडला. निदान तुमच्याकडं बघतो तरी. आमचा कागदाकडं बघायचा.”

मास्तरला जेवायला बोलावतात, नाव पुकारतात, आणि तो आपल्या विचारात बसून राहतो, असं एक दृश्य आहे. त्याला मी ‘अंतर्मुखतेचा कळस’ म्हटलं होतं. ईश्वरप्पा पहिल्यांदाच हसला.

“नाव आन बापाचं नाव पुकारलं की मानूस हुबा ऱ्हातो. झोपेत असला तरी. त्यात इचार न्हाय.”

आणखी एक त्यानं नुसत्या मानेनंच बाद केलं. सात बलस्थानांपैकी सहा डावीकडं गेली होती. सातवं होतं नायकाचं निरपराध असणं. मी ते हळू आवाजात वाचलं. त्यानं कप खाली ठेवला.

“हेच लई वंगाळ,” तो म्हणाला. “त्यानं कायच केलं न्हाय म्हनून तुमी रडता. केलं असतं तर तुमी तिकीट काढलं नसतं. आमच्या बराकीत ऐंशी होते. दोघं-तिघं सोडले तर बाकीच्यांनी केलं होतं. त्यांचा पिच्चर कोन काढनार? ज्यानं केलंय आन ज्याला ते ठावं हाय, त्यानं चांदन्यात बसून काय करायचं?”

मी वही बंद करू लागलो. तो म्हणाला, “एक बरुबर हाय.”

“कुठलं?”

“ती पोर भेटायला येती ते.”

मी नीट ऐकलं का ते समजेना. “पण तिथं तर काहीच होत नाही.”

“तेच. ईस मिनटं असत्यात. ईरम्मा आन पोर सा-सात तास एसटीत बसून यायच्या. पाच मिनटांत बोलनं संपायचं. बरी हायेस का, व्हय. शाळंत जाती का, व्हय. मग काय बोलायचं? मी इचारायचो, गाडी किती वाजता हाय. ती म्हनायची, तीन वाजता. मला ठावं असायचं. तरी दर खेपंला इचारायचो. तेवढंच एक बोलनं होतं, जे संपत नसायचं. ह्या पिच्चरवाल्यानं कुनाला तरी इचारलं असनार. न्हाय तर हे कुटनं कळनार? पन एक चूक हाय. शिपाई वराडतो, टाइम संपला म्हनून. आमचा वराडत न्हवता. नुसता मनगटावरचं घड्याळ बघायचा. पोर हुबी ऱ्हायची. पाच वर्सांची होती, तिला घड्याळ कळत न्हवतं, पन त्यानं मान खाली घातली की ही पिशवी उचलून हुबी.”

म्हणजे तीस वर्षं ज्या एका जागी मी लाल दोरा बांधला होता, तेवढाच धड माल होता. मला लाज वाटली हे खरं. पण दुसऱ्याच क्षणी मनात आलं की हे पुस्तिकेत घातलं तर काय बहार येईल, हेही खरं.

आतून घंटा वाजली. समारोप होता. मी त्याला म्हटलं, तुम्ही आता निघा. तो म्हणाला, “चपला हालमदी खुर्चीखाली हायेत.” आम्ही आत गेलो, आणि तो चपला शोधायला वाकलेला असतानाच स्टेजवरून अभिमन्यूराव बोलू लागले.

आमच्या गावाचा एक रोग आहे, तो इथं सांगायला हवा. इथं माणसाला मोकळ्या खांद्यानं घरी जाऊ देत नाहीत. दहावी पास झाला, सत्कार. निवृत्त झाला, सत्कार. दवाखान्यातून टाके काढून आला, गल्ली चादर आणि नारळ घेऊन दारात उभी. गावात चादरी पिकतात आणि त्या कुणाच्या तरी अंगावर घालायच्याच असतात. अभिमन्यूरावांनी दिलेला शब्द मोडला असं त्यांना आजही वाटत नाही. पाहुणा आला आणि सत्काराशिवाय गेला, हीच त्यांच्या लेखी बेअब्रू.

“आज आपल्यात एक असे गृहस्थ बसले आहेत,” ते म्हणाले, “ज्यांनी ही बराक पडद्यावर पाहिली नाही, तर सात वर्षं प्रत्यक्ष जगली आहे.” सगळ्या माना वळल्या. मी हातानं नको-नको करत होतो. त्यांना ते नम्रतेचं वाटलं असावं. “मी विनंती करतो, श्री. ईश्वरप्पा मल्लप्पा...”

ईश्वरप्पा उभा राहिला होता. चप्पल एका हातात होती. आडनाव यायच्या आधीच तो ताठ उभा होता, हात मांडीला लावून, नजर समोर. मग त्याला कळलं की तो कुठं आहे. पण तोपर्यंत टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि दोन सभासदांनी त्याला दंडाला धरून स्टेजकडं नेलं होतं. प्रेमानंच नेलं. दंडाला धरून नेणं त्याला नवीन नव्हतं.

आता चादर. अभिमन्यूरावांनी ती मुद्दाम शोधली होती. बंदिवानांनी तुरुंगात विणलेली, दिवाळीतल्या प्रदर्शनातून घेतलेली. माइकवर तसं जाहीर केलं, आवाज कापला, दोन बायका रडल्या. चादर त्याच्या खांद्यावर पडली. नारळ हातात आला. फोटो निघाला. ईश्वरप्पानं चादरीचं टोक धरलं, उलटं करून बघितलं, अंगठ्यानं काठ चाचपला. मग ती घडी करून खुर्चीवर ठेवली, वर नारळ ठेवला, आणि माइक जवळ असल्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं.

“सेकंड.”

लोकांना वाटलं भारावून काहीतरी कानडीत बोलला. पुन्हा टाळ्या झाल्या. तो खाली उतरला, माझ्यासमोरून गेला, माझ्याकडं पाहिलं नाही आणि एका पायात चप्पल घालून सायकलवर निघून गेला. दुसरी चप्पल स्टेजच्या पायरीवर राहिली.

मंगळवारी एका वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर फोटो आला. ‘तेरावी बराक जगलेल्या कामगाराचा हृद्य सत्कार’. नाव, बापाचं नाव, कारखाना, सात वर्षं. दुपारपर्यंत तो सगळ्यांच्या मोबाइलवर होता. टेंभुर्णीलाही मोबाइल आहेत. मी अभिमन्यूरावांशी भांडलो. ते म्हणाले, “अहो, गौरवच केला की आपण. कुणी उणा शब्द काढला का?” आणि मग मान हलवून, “तुम्हीच तर सांगितलंत मला.” हे त्यांचं आयुष्यातलं एकमेव अचूक समीक्षण.

ईश्वरप्पा कामावर आला नाही. त्याच्या टेबलावर एक पोरगेला माणूस बसवला, तो सगळं उजवीकडं टाकत होता. मालक खूश. मी रोज ठरवायचो की आज जाऊ आणि रोज काही तरी महत्त्वाचं निघायचं. शेवटी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी गेलो, त्याची ती चप्पल कागदात गुंडाळून. दुपारचे चार वाजत आले होते.

दार ईरम्मानं उघडलं. मी कोण हे सांगायची गरज पडली नाही. तिनं आत या म्हटलं, तेही आमच्याकडची माणसं दारातल्या माणसाला म्हणतात म्हणून. आत भिंतीला टेकून ईश्वरप्पा सतरंजीवर बसला होता आणि त्याच्या समोर, चार हातांवर, चंद्रिका. मांडीवर पिशवी. ऋतुजा नव्हती. कोपऱ्यात तिच्यासाठी आणलेला शेंगाचटणीचा पुडा आणि प्लास्टिकची बाहुली तशीच होती.

मी हात जोडले आणि पाठ करून आणलेलं सगळं बोललो. चूक माझी आहे, शब्द मी मोडला, पाहिजे तर मी टेंभुर्णीला येतो, तुमच्या सासऱ्यांना भेटतो.

“भेटून काय सांगनार?” चंद्रिका म्हणाली. आवाज चढला नव्हता. “ते काय वाईट बोलले न्हाईत. मामंजी म्हनाले, तुझा बाप हाय, तू जा. पोरगी हितंच ऱ्हाईल. सासूबाईंनी तर मला डबा बी भरून दिला. भिवंडीचं खोटं सांगितलं ह्याचाच त्यांना लई राग हाय. आन ते खोटं नऊ वर्सं मीच सांगितलंय, अप्पांनी न्हाय.”

“ऋतुजा इचारती का?” ईश्वरप्पानं विचारलं.

“व्हय.”

“काय सांगितलं?”

“अजून काय न्हाय.”

ईरम्मा आत गेली. चहाची भांडी वाजली. मला उठावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं. ज्या माणसाला कँटीनच्या चहापासून मालकापर्यंत सगळ्यांत खोट दिसायची, तो सतरंजीचं टोक बोटानं सरळ करत होता. सरळ असलेलं टोक. त्यानं मला एक शिवी दिली असती तर मी सुखानं घरी गेलो असतो. पण माझा विषय त्याच्या डोक्यातच नव्हता.

“बरी हायेस न्हवं,” तो म्हणाला.

“व्हय, अप्पा.”

“शिवानंद?”

“बरे हायेत.”

बोलणं संपलं. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, सगळं, खालच्या छापखान्याच्या पत्त्यासकट. ईश्वरप्पानं घसा साफ केला.

“गाडी किती वाजता हाय?”

“साडेपाच,” चंद्रिका म्हणाली.

दर दुसऱ्या रविवारी तीच गाडी. त्याला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. माझ्या लेखातली ती एक उणीव माझ्यासमोर चार हातांवर घडत होती. साडेपाचला अजून किती अवकाश आहे, एवढंच बघावं म्हणून मी मान खाली घातली आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

चंद्रिका उठून उभी राहिली. पिशवी हातात, पदर नीट, नजर दाराकडं. पस्तिशीची बाई. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

ईश्वरप्पानं तिच्याकडं पाहिलं. मग त्या दिवसात पहिल्यांदाच माझ्याकडं पाहिलं.

“साहेब,” तो म्हणाला, “ते घड्याळ काढून खिशात ठिवा.”

मी काढलं. पट्टा निघेना, पण काढलं आणि खिशात घातलं.

“बस,” तो तिला म्हणाला. “अजून टाइम हाय. बस की.”

ती बसली. पिशवी मात्र तिनं हातातून खाली ठेवली नाही.